सोफा आधी की खुर्ची?

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या कुटुंबांना २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढल्या, आता ५०० चौरस फुटांचे घर. नायगावचे आणि ना. म. जोशी मार्गावरचे लोकही आपल्या पाळीची वाट पाहत आहेत. त्यामुळे परळ-दादरच्या आपल्या वस्त्यांत सध्या एकच विषय आहे : नव्या घरात काय काय घ्यायचे? सोफा-कम-बेड ठरलेला. टीव्हीचे युनिट ठरलेले. ओट्याखालच्या ट्रॉल्या ठरलेल्या. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर यांच्यासाठी भिंत ठरलेली, आणि ते योग्यच आहे. पण या याद्यांत एक वस्तू आम्हाला जवळजवळ कुठेच दिसत नाही. घरातला जो मुलगा किंवा जी मुलगी रोज आठ-नऊ तास बसून काम करते, अभ्यास करते, तिची खुर्ची.

खुर्चीचा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. तो इथेच हवा, असे आमचे मत आहे.

गिरणगावात आपल्या आजोबा-पणजोबांनी उभ्याने काम केले. त्यातही जिथे पगार जास्त, त्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. आज त्याच गिरण्यांच्या जागेवर, कमला मिलच्या, फिनिक्सच्या आवारात काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत आपली मुले-मुली बसून काम करतात. कोणी बँकेचे बॅक ऑफिस सांभाळते, कोणी विम्याचे दावे तपासते, कोणी कॉल घेते. कोणी आठवड्यातले तीन दिवस हेच काम घरून करते. कोणी नोकरीच्या आधी एमपीएससीच्या अभ्यासाला बसलेले असते. शरीराकडून घेतले जाणारे काम दोन पिढ्यांत पार बदलले. कापसाच्या धुळीने आजोबांची छाती गेली, उभे राहून पाय गेले. नातवंडांची मान आणि कंबर चालली आहे. घरातल्या सामानाची यादी मात्र आजोबांच्याच काळची राहिली.

घरून काम करणारी मुलगी प्रत्यक्षात कुठे बसते ते पाहा. पलंगाच्या कडेला, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. पाठीला भिंत, भिंतीला कपाटाचा कोपरा. मुलगा असेल तर त्याच्यासाठी निदान एक प्लास्टिकची खुर्ची मोकळी केली जाते. मुलगी असेल तर पाहुणे आले की तिची जागा आधी जाते, मग कॉल चालू असतानाच ती उठून ओट्याजवळ उभी राहते. हे कोणी मुद्दाम करत नाही. पण घरात कोणाच्या कामाला 'काम' म्हणायचे, हे त्या जागेवरून कळते. तिच्या पगारातून हप्ते जातात आणि बसायला तिला घरातली सर्वांत वाईट जागा मिळते, हे चित्र आम्हाला बरे वाटत नाही.

आता पाठीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२० मध्ये जगातल्या ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसाला अधू करणाऱ्या कारणांत जगभर तिचाच पहिला क्रमांक आहे. तिची कारणे अनेक आहेत. जड ओझी, वाढलेले वजन, अपुरी झोप, तंबाखू-सिगारेट, मनावरचा ताण, आणि एकाच स्थितीत तासन् तास बसणे. म्हणून खुर्ची घेतली की कंबरदुखी गेली, असे आम्ही म्हणणार नाही. ते दुकानदार म्हणेल. खुर्चीचे काम मर्यादित आहे, पण खरे आहे : ती शरीराचा भार नीट पेलते आणि बसल्या बसल्या स्थिती बदलू देते.

आपल्याकडे सभेला भाड्याने येते ती प्लास्टिकची खुर्ची या दोन्ही गोष्टी करत नाही. तिची बैठक मागे उतरती असते. दोन तास भाषण ऐकायला ती ठीक आहे. त्याच खुर्चीवर पुढे वाकून टाइप करू लागलात की पाठ टेक्यापासून सुटते, कंबरेचा नैसर्गिक आतला बाक सपाट होतो आणि डोके पुढे लोंबकळते. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते. ते खांद्यांच्या रेषेत असेल तर मणके ते सहज तोलतात. पुढे झुकले की मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंना ते दिवसभर ओढून धरावे लागते. संध्याकाळी मानेत जी कळ येते ती या ओढाताणीची असते. बुटक्या माणसाचे तर पायही जमिनीला नीट टेकत नाहीत. बैठकीची कडा गुडघ्यामागे रुतते आणि पायांना मुंग्या येतात.

'आपले लोक जमिनीवरच बसत आले, त्यांची पाठ कुठे दुखत होती?' हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात. दुखत होती, सांगायला वेळ नव्हता. पण त्यात तथ्यही आहे. मांडी घालून जेवणे, वंदनेला बसणे, गप्पा मारणे यात वाईट काही नाही. त्याने कंबरेचे सांधे मोकळे राहतात, आणि जमिनीवर बसलेला माणूस दर थोड्या वेळाने बूड हलवतो, पाय बदलतो, उठतो. लॅपटॉपसमोर बसलेला माणूस हलत नाही. फरक जमिनीचा नाही, आठ तासांचा आहे.

आणि जमिनीवर बसणे आपल्या बाबतीत नेहमीच आवडीचा प्रश्न होता असेही नाही. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमरावाला वेगळे बसावे लागे, बसायला गोणपाटाचा तुकडा. तो तुकडा शाळेतला गडी शिवत नसे, म्हणून तो रोज घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. पुढे परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब राहत असताना रामजीबाबा मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवत. जागा नव्हती, तर बापाने आपली झोप देऊन वेळ काढला. आणि स्वतःचे घर बांधायची वेळ आली तेव्हा दादरच्या हिंदू कॉलनीत जे राजगृह उभे राहिले, ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. घरात आधी काय आणायचे, याचे उत्तर आपल्याला शोधायला फार लांब जायला नको.

तर मग खुर्ची घ्यायची कशी? अनुभवावरून सांगतो, यात सर्वांत मोठा घोळ एकच होतो : घरातले वडीलधारे दुकानात जातात, उंच पाठीची काळी रेक्झिनची 'बॉस चेअर' पसंत करतात आणि ती पाच फूट उंचीच्या मुलीला आणून देतात. चप्पल कोणी दुसऱ्याच्या पायाने घेत नाही. ज्याने बसायचे त्याला दुकानात बरोबर न्या आणि दहा मिनिटे बसू द्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

बसल्यावर पाहायचे ते असे. दोन्ही पावले पूर्ण जमिनीवर टेकली पाहिजेत आणि मांड्या साधारण जमिनीला समांतर राहिल्या पाहिजेत. हे जमण्यासाठी उंची खाली-वर करणारी गॅसची नळी लागते. दुकानात तिला हायड्रॉलिक म्हणतात. अगदी खाली आणूनही पाय टेकत नसतील तर खुर्ची मोठी आहे; दुसरी बघा, नाहीतर घरातला पाट पायाखाली घ्या. पाटासारखे दुसरे पायटेकू नाही आणि तो फुकट आहे. बैठकीची पुढची कडा आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटे मावली पाहिजेत. मावत नसतील तर बैठक लांब आहे. अशा खुर्चीवर माणूस आपोआप पुढे सरकून बसतो आणि मागचा टेका वाया जातो. टेक्याचा फुगवटा पट्टा बांधतो त्या जागी, कंबरेच्या खोबणीत यायला हवा; तो खाली-वर होत असेल तर उत्तम. हात टेकवायच्या दांड्या कोपराच्या उंचीला हव्यात. त्या उंच असतील तर खांदे दिवसभर वर उचललेले राहतात, आणि टेबलाखाली जात नसतील तर खुर्चीच टेबलापासून दूर राहते. दांड्या खाली-वर होत नसतील तर नसलेल्याच बऱ्या.

मुंबईच्या हवेत आणखी एक पाहा. स्वस्त रेक्झिन दोन-तीन पावसाळ्यांत सोलते आणि उन्हाळ्यात पाठीला चिकटते. पंख्याच्या घरात जाळीची पाठ बरी. बैठक मात्र चांगल्या दाट फोमची असावी. अंगठ्याने दाबल्यावर खालची फळी लागली तर ती खुर्ची वर्षभरात बसेल, तुम्ही नाही.

मापांचा हा प्रश्न काल्पनिक नाही. भारतीय शरीरांची मापे वेगळी आहेत, हे ध्यानात घेऊन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ती मोजून १९९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आपल्या जवळच, शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत कामगाराचे शरीर आणि त्याचे काम यांचा मेळ हा अभ्यासाचा विषय आहे. तरी बाजारात सहा फुटी माणसासाठी केलेली खुर्ची सर्वांनाच विकली जाते. अमेरिकेत १९९४ साली आलेली एअरॉन नावाची प्रसिद्ध खुर्ची आपल्याकडे लाखाच्या पुढे जाते. ती घ्या असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. पण तिच्यापासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : ती लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांत मिळते.

पैशांचे बोलू, कारण खरी अडचण तिथेच आहे. उंची खाली-वर होणारी साधी जाळीची खुर्ची चार-पाच हजारांपासून मिळते. टेका, दांड्या, बैठक अंगाला जुळवून घेता येतील अशी बरी खुर्ची दहा ते वीस हजारांत येते. पंधरा हजार म्हटले की घरात शांतता पसरते. त्याच घरात साठ हजारांच्या सोफ्याला कोणी दचकत नाही, कारण सोफा चारचौघांना दिसतो. हिशेब करा. पंधरा हजारांची खुर्ची पाच वर्षे, वर्षाला तीनशे दिवस वापरली तर रोजचे दहा रुपये. एक कटिंग चहा. सोफ्यावर पाहुणे महिन्यातून दोनदा बसतात.

तरीही ज्या घरात आज पंधरा हजार नाहीत, त्या घराने त्यासाठी व्याजाचे कर्ज काढू नये. क्रम लावा. आधी लॅपटॉप जाडजूड पुस्तकांच्या चळतीवर ठेवा, म्हणजे पडद्याची वरची कडा डोळ्यांच्या पातळीला येईल. (बाबासाहेबांच्या खंडांची चळत यासाठी वापरू नका, ते वाचायला हाताशी राहू द्या. जुन्या परीक्षांचे गाइड चालेल.) मग हजारभर रुपयांत वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. लॅपटॉपची खोट हीच की त्याचा पडदा आणि बटणे एकत्र जोडलेली असतात. एक योग्य उंचीला आणले की दुसरे चुकते. पायाखाली पाट, कंबरेमागे घडी घातलेला टॉवेल. एवढ्यानेच निम्मे काम होते. उरलेल्या निम्म्यासाठी खुर्चीचे पैसे साठवा.

जुनी खुर्चीही चालते. मुंबईत कचेऱ्या सतत बंद होतात, जागा बदलतात, आणि त्यांच्या खुर्च्या घाऊक विकल्या जातात. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात अशा खुर्च्या पाहायला मिळतात. चांगल्या कंपनीची पाच वर्षे वापरलेली खुर्ची नव्या भुसभुशीत खुर्चीपेक्षा पुष्कळदा सरस निघते. तिच्यावर बसून उंची पूर्ण वर घ्या आणि दहा मिनिटे थांबा. हळूहळू खाली उतरू लागली तर गॅस गेला आहे. खालचे पाच पाय उलटे करून तडा आहे का बघा, मागे रेलून करकर ऐका, चाके फिरवा. नळी आणि चाके बदलता येतात, तडा गेलेले पाय असतील तर ती खुर्ची सोडा.

आणि ज्यांना कंपनी घरून काम करायला सांगते त्यांनी खुर्ची कंपनीकडे मागावी. २०२० च्या टाळेबंदीत काही कंपन्यांनी खुर्ची-टेबलासाठी पैसे दिले होते. ही भीक नव्हे. गिरणीमालक कामगाराला माग घरून आणायला सांगत नव्हता.

खुर्ची घेतलीत तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठाच. पाणी प्या, गॅलरीत जा, फोनवर बोलायचे ते चालत बोला. दुखणे सहा आठवड्यांहून जास्त रेंगाळले, किंवा कंबरेतून पायात उतरणारी कळ, बधिरपणा, पायातली ताकद कमी होणे असे काही दिसले तर खुर्ची बदलत बसू नका, केईएमच्या अस्थिरोग विभागात दाखवा. तिथे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपीवालेही आहेत. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरता आली तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा.

ज्यांना बसायलाच मिळत नाही त्यांना विसरून हा लेख पुरा होणार नाही. दादरच्या, हिंदमाताच्या कापडबाजारात काउंटरमागे सकाळी उभी राहिलेली मुलगी रात्री पाय सुजवून घरी येते. सोसायट्यांच्या फाटकांवरचे सुरक्षारक्षक बहुतेक आपल्याच वस्त्यांतले. त्यांच्या नशिबी मोडके स्टूल आले तरी भाग्य. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय ठेवायला सांगितले गेले. ते कारखान्याचे झाले. दुकानांतल्या बायकांसाठी केरळात कोझिकोडच्या शिवणकाम करणाऱ्या विजी आणि त्यांच्या सहकारी वर्षानुवर्षे झगडल्या, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या दुकान कायद्यात बसण्याचा हक्क लिहिला गेला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. दादरच्या मुलींसाठी हे मागायला आपल्या कामगार संघटनांना आणखी किती वर्षे लागणार आहेत?

शेवटी विहारांकडे येतो, आणि इथे आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. परळ, नायगाव, लालबाग, वरळीच्या कितीतरी विहारांत अभ्यासिका चालतात. ज्या मुलाच्या घरी जागा नाही तो सकाळी सातला येऊन रात्री दहापर्यंत तिथे बसतो. घरात खुर्ची ठेवायला जागाच नाही अशा कुटुंबांसाठी खरी खुर्ची तीच. ती कुठली असते? मंडपातून उरलेली, एक पाय वाकलेली. आणि त्याच विहाराच्या कार्यक्रमात व्यासपीठावरच्या पाहुण्यांसाठी दोन तासांकरिता लाल सोफा भाड्याने येतो. जयंतीच्या रात्री डीजेवर जे उडते त्यात अभ्यासिकेच्या खुर्च्या किती आल्या असत्या, हा हिशेब प्रत्येक समितीने आपापल्या वहीत करून पाहावा; आम्ही आकडा देत नाही, तो ज्याचा त्याला माहीत आहे.

आमची मागणी साधी आहे. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून पहिली रक्कम बाजूला काढून दहा खुर्च्या घ्याव्यात. देणगीदाराला आपल्या आई-वडिलांचे नाव खुर्चीच्या पाठीवर लिहायचे असेल तर लिहू द्या, हरकत नाही. दहापैकी तीन कमी उंचीच्या असाव्यात, कारण अभ्यासाला मुलीही येतात. निवड करायला समितीच्या दोन पदाधिकाऱ्यांबरोबर रोज बसणारे दोन विद्यार्थी, त्यांत एक मुलगी, न्यावेत. सहा महिन्यांनी स्क्रू आवळायचे आणि बिघडलेली नळी बदलून आणायची, हे काम कोणाकडे, तेही त्याच बैठकीत नाव घालून ठरवावे. आणि या खुर्च्या कुठल्याही सभेसाठी, कितीही मोठा पाहुणा आला तरी, मंडपात न्यायच्या नाहीत, असा ठराव इतिवृत्तात लिहून ठेवावा.